लोनवरचे खेळाडू: क्लबचा फायदा किती, डोकेदुखी किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट आणि जानेवारीत, फुटबॉलची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या देवघेवीचा ठरलेला काळ, बंद व्हायला आली की त्याच त्या शंका पुन्हा येतात. लोनवर आणलेला खेळाडू म्हणजे फुकटातला माल का? मालक क्लबविरुद्ध तो का खेळत नाही? चांगला खेळला तर आपल्याकडे राहील का? उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. उदाहरणं बहुतेक युरोपातली आहेत, कारण या व्यवहाराच्या खाचाखोचा तिथेच सगळ्यात जास्त पाहायला मिळतात. आपल्या आयएसएलबद्दलही (इंडियन सुपर लीग) एक प्रश्न घेतला आहे.

लोन म्हणजे व्यवहारात नक्की काय होतं?

खेळाडूचा मूळ करार मालक क्लबकडेच राहतो. ठरलेल्या काळापुरती त्याची नोंदणी दुसऱ्या क्लबच्या नावावर होते आणि तो तिथे खेळतो. मुदत संपली की परत. पगार कोण देणार हे दोन्ही क्लब आपसात ठरवतात: कधी नेणारा क्लब पूर्ण देतो, कधी निम्मानिम्मा, कधी मालक क्लबच बराचसा भार उचलतो. त्याशिवाय लोन फी असू शकते. करारात पुढच्या खरेदीचं कलम असेल किंवा नसेलही. बातमीत ‘लोनवर’ हा एकच शब्द येतो, पण त्यामागचे दोन करार एकमेकांसारखे क्वचितच असतात.

विकत घेण्यापेक्षा लोन स्वस्त पडतं ना?

रोकड पाहिली तर बहुतेकदा हो. पण नुसती रोकड पाहणं चूक आहे.

२०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने मोनॅकोकडून रादामेल फाल्काओला वर्षभरासाठी आणलं. लोन फीच सुमारे ६० लाख पौंड असल्याचं तेव्हा छापून आलं होतं, वर जबरदस्त पगार. लीगमध्ये त्याने २६ सामन्यांत ४ गोल केले. खरेदीचा पर्याय होता, युनायटेडने तो वापरला नाही. ‘बरं झालं, विकत घेतला नव्हता’ असं म्हणणारे बरोबरच होते. पण या २६ सामन्यांत मैदानावरची जी मिनिटं गेली ती कुणाची? त्या जागी क्लबचा स्वतःचा एखादा तरुण फॉरवर्ड खेळला असता, चुकला असता, शिकला असता, आणि पुढच्या वर्षी क्लबकडेच राहिला असता.

माझ्या मते लोनचा हिशोब पौंडांत कमी आणि मिनिटांत जास्त मांडावा. उसन्या खेळाडूला दिलेलं प्रत्येक मिनिट ही त्याच्या मालक क्लबच्या मालमत्तेत आपण घातलेली भर असते. बदल्यात गुण मिळाले, तर सौदा बरा.

छोट्या क्लबला लोनचा सगळ्यात मोठा फायदा कोणता?

एरवी ज्याच्या दारातही उभं राहता आलं नसतं असा खेळाडू मिळणं. आणि सगळ्यात मोठा तोटाही नेमका तोच.

वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. २०१२-१३ च्या मोसमात चेल्सीने रोमेलू लुकाकू त्यांना दिला. पोरगा १९ वर्षांचा, अंगाने धिप्पाड, चेल्सीत संधी मिळत नसल्याने भुकेला. त्याने लीगमध्ये १७ गोल केले आणि वेस्ट ब्रॉम आठव्या स्थानावर आला. त्या क्लबच्या मानाने ही मोठीच मजल. १९ मे २०१३ ला शेवटच्या सामन्यात समोर मँचेस्टर युनायटेड होता आणि अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचा प्रशिक्षक म्हणून तो शेवटचा सामना. मध्यंतराला वेस्ट ब्रॉम १-३ ने मागे. लुकाकू उत्तरार्धात बदली म्हणून उतरला, हॅट्‌ट्रिक केली आणि सामना ५-५ सुटला.

मग तो चेल्सीला परतला. आणि वेस्ट ब्रॉमकडे काय उरलं? गोल होते, पण ते गोल करणारा नव्हता. त्याच्या विक्रीतला पैसाही नव्हता, कारण विक्री त्यांची नव्हतीच. जागा भरायला निकोला आनेल्का मोफत आणला. एका सामन्यातल्या त्याच्या वादग्रस्त हावभावावरून मोठं प्रकरण झालं आणि मोसम संपायच्या आत तो क्लबबाहेर होता. प्रशिक्षक स्टीव्ह क्लार्क यांना डिसेंबरमध्येच घरी पाठवलं होतं. संघ सतराव्या स्थानावर, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरण्यापासून एकच पायरी वर, कसाबसा टिकला. याला लुकाकूचं जाणं हे एकच कारण होतं असं नाही. पण आठवं स्थान ही आपली खरी उंची, असं समजून पुढची आखणी केली की असं होतं. लोनवरच्या गोलांनी मिळालेलं स्थान हे त्या वर्षापुरतं भाड्याचं असतं.

म्हणजे लोनवर संघ उभा करूच नये?

एकावर सगळी भिस्त ठेवू नये, आणि तो गेल्यावर काय, याचं उत्तर आणायच्या दिवशीच तयार असावं.

पुढच्याच मोसमात लुकाकू एव्हर्टनला लोनवर गेला. तिथले प्रशिक्षक रॉबेर्तो मार्टिनेझ यांनी सोबत मँचेस्टर सिटीचा गॅरेथ बॅरी आणि बार्सिलोनाचा जेरार्ड देउलोफेउ यांनाही लोनवरच घेतलं होतं. एव्हर्टन ७२ गुणांसह पाचवा आला. फरक त्यानंतरच्या वागण्यात होता: लुकाकू मोसमभर आपल्याच पद्धतीत खेळलेला पाहून त्यांनी २०१४ मध्ये २.८ कोटी पौंड मोजले आणि त्याला कायमचा घेतला. बॅरीलाही ठेवून घेतलं. त्यांच्यासाठी लोन ही वर्षभराची पारख होती. तरीही नंतरच्या मोसमात संघ अकरावा आला, त्यामुळे ही काही हमखास वाट आहे असं मुळीच नाही.

मालक क्लबला काय मिळतं?

तीन गोष्टी: पगाराचा भार कमी होतो, खेळाडूची किंमत वाढू शकते, आणि पोरगा मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये तयार होतो. अकादमीतल्या सामन्यात हरल्याने कुणाची नोकरी जात नाही. तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये विजयाचा बोनस म्हणजे कुणाच्या घराचा हप्ता असतो. तिथे उगाच टाच मारून पास देणाऱ्याला सहकारीच सरळ करतात.

हॅरी केनला टॉटनहॅमने लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर असं चार ठिकाणी फिरवलं. नॉरिचमध्ये पाय मोडला, लेस्टरमध्ये फार चमकला नाही. कागदावर दोन लोन यशस्वी, दोन फसलेली. पुढे तो टॉटनहॅमचा सर्वकालीन सर्वाधिक गोल करणारा झाला. म्हणून एका लोनवरून पोराला निकाली काढणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

चेल्सीने मात्र याचा कारखानाच केला होता. एकेका मोसमात तीस-चाळीस खेळाडू बाहेर, त्यांच्यावर लक्ष ठेवायला स्वतंत्र प्रशिक्षक, आणि हॉलंडच्या व्हितेससारख्या क्लबकडे तर वर्षानुवर्षं पोरांची ये-जा. केविन डी ब्रॉयन वेर्डर ब्रेमेनला लोनवर खेळून आला, मोहम्मद सालाह फिओरेन्टिना आणि रोमाला लोनवर गेला. दोघेही चेल्सीत स्थिरावले नाहीत आणि दोघांनीही पुढे प्रीमियर लीग गाजवली, ती दुसऱ्या क्लबकडून. खेळाडू बाहेर पाठवून त्याची वाढ होते, पण ती वाढ ओळखणारं कुणीतरी घरी असावं लागतं.

तरुण खेळाडू तिथे जाऊन बाकावरच बसला तर?

हा मालक क्लबचा सगळ्यात मोठा धोका, आणि तो फार वेळा खरा ठरतो. २०१५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने अदनान यानुझाइला बोरुसिया डॉर्टमुंडकडे पाठवलं. नाव मोठं, क्लब मोठा, सगळे खूश. पण डॉर्टमुंडला आघाडीवर तेव्हा खेळाडूंची वानवा नव्हती. यानुझाइ थोडाफार खेळला, गोल एकही नाही, आणि जानेवारीत परत आला.

यावर दोन उतारे आहेत. एक, जानेवारीत परत बोलावण्याचं कलम. दोन, मिनिटांना बांधलेली फी: खेळाडू जितका जास्त खेळेल तितकी लोन फी कमी, बसवून ठेवला तर जास्त. दुसरा उपाय मला अधिक शहाणपणाचा वाटतो. परत बोलावून फायदा काय, अर्धा मोसम तर वाया गेलेलाच असतो.

पण खरा प्रश्न करारापूर्वीचा आहे: या खेळाडूला तिथल्या प्रशिक्षकाने मागितलं आहे, की वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी? आणि ज्याने मागितलं तो प्रशिक्षक नोव्हेंबरपर्यंत नोकरीत राहील का? नवा माणूस आला की पहिली कुऱ्हाड उसन्या खेळाडूवर पडते. त्याला खेळवून क्लबचं काही वाढत नाही, हे नव्याला लगेच कळतं.

खरेदीचा पर्याय आणि खरेदीची सक्ती, यात फरक काय?

पर्याय असेल तर नेणारा क्लब मोसमाअखेर ठरलेल्या किमतीत खेळाडू घेऊ शकतो, नको असेल तर सोडू शकतो. सक्ती असेल तर घ्यावाच लागतो. मधला प्रकार म्हणजे सशर्त सक्ती: इतके सामने खेळला तर, संघ अमुक स्थानाच्या वर आला तर.

सक्तीचं लोन ही खरं तर उधारीवरची खरेदीच. २०१७ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या पीएसजी क्लबने नेयमारसाठी २२.२ कोटी युरो मोजले होते. त्याच विंडोत किलियन एम्बापेही हवा होता. एकाच वर्षात दोन्ही रकमा दाखवल्या असत्या तर युएफाचे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाचे, आर्थिक नियम आडवे आले असते. म्हणून एम्बापे मोनॅकोकडून आधी लोनवर आला आणि १८ कोटी युरोंचा व्यवहार पुढच्या वर्षावर गेला. लोन म्हणायचं ते फक्त हिशोबाच्या वहीपुरतं.

सशर्त सक्तीत मात्र खरी गंमत होते. आंतुआन ग्रीझमान बार्सिलोनाकडून अ‍ॅटलेटिको माद्रिदला लोनवर होता. उपलब्ध असलेल्यांपैकी निम्म्या सामन्यांत तो किमान ४५ मिनिटं खेळला तर अ‍ॅटलेटिकोने ४ कोटी युरो देऊन त्याला घ्यायचं, अशी अट असल्याचं स्पॅनिश वर्तमानपत्रांत आलं. ऑगस्ट २०२२ उजाडला आणि प्रेक्षकांच्या एक गोष्ट लक्षात आली. ग्रीझमान ठणठणीत, पण सुरुवातीच्या अकरात नाही. तासभर झाला की चौथ्या पंचाचा फलक वर जाणार, आणि तो उतरणार. खेताफेविरुद्ध असा उतरून गोल. व्हॅलेन्सियाविरुद्ध आल्या-आल्या दोन मिनिटांत विजयी गोल. चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तोविरुद्ध भरपाईच्या वेळेतल्या अकराव्या मिनिटाला विजयी गोल. तरी पुढच्या सामन्यात पुन्हा बाकावर. प्रशिक्षक दिएगो सिमिओने यांना प्रश्न विचारला की ते आपण क्लबचा माणूस असल्याचं सांगत. शेवटी बार्सिलोनाने माघार घेतली, ऑक्टोबरमध्ये जवळपास निम्म्या किमतीत सौदा झाला आणि ग्रीझमान लगेच नव्वद मिनिटं दिसू लागला. करारातली एक ओळ संघनिवड ठरवते, ती अशी.

उलट टोकाला जेडन सँचो. २०२४-२५ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडकडून चेल्सीला खरेदीच्या सक्तीसह आला. मोसम संपल्यावर चेल्सीने सुमारे ५० लाख पौंडांचा दंड भरून त्याला परत पाठवलं, तेही कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केल्यावर. म्हणजे सक्तीलाही किंमत असते, आणि ती भरली की सक्ती संपते.

लोनवरचा खेळाडू मालक क्लबविरुद्ध का खेळत नाही?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये नियमच तसा आहे. तिथे २००४ च्या फेब्रुवारीत न्यूकॅसलचा लोमाना लुआलुआ पोर्ट्‌समथकडून लोनवर खेळत होता आणि त्याने न्यूकॅसलविरुद्धच शेवटच्या मिनिटांत बरोबरीचा गोल केला. त्यानंतर ही वाट बंद झाली.

कोल्हापूरकरांना हे समजावायला नको. पाटाकडील आणि दिलबहार हे तिथले दोन प्रतिस्पर्धी संघ; पाटाकडीलचा पोरगा वर्षभर दिलबहारकडून खेळतोय आणि शाहू स्टेडियमवर दोघांचीच गाठ पडली, अशी नुसती कल्पना करा. गोल केला तर एका पेठेत तोंड दाखवायची सोय नाही, चुकवला तर दुसऱ्या.

युएफाच्या स्पर्धांत मात्र अशी बंदी चालत नाही. थिबो कोर्त्वा चेल्सीचा, पण तीन मोसम अ‍ॅटलेटिकोच्या गोलात. २०१४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत गाठ पडली ती चेल्सीशीच. त्याला खेळवायचं तर अ‍ॅटलेटिकोने मोठी रक्कम द्यावी, असं कलम करारात होतं. युएफाने स्पष्ट केलं की कुठल्या क्लबने कुणाला खेळवावं यावर दुसऱ्या क्लबचा प्रभाव चालणार नाही, असं कलम आमच्या लेखी रद्दबातल. कोर्त्वा दोन्ही सामने खेळला, पहिला ०-० सुटला आणि चेल्सीच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानावर अ‍ॅटलेटिको ३-१ ने जिंकला.

फर्नांदो मोरिएंतेसने २००४ मध्ये मोनॅकोकडून रेआल माद्रिदला चॅम्पियन्स लीगबाहेर काढलं, तो माणूस रेआलचाच होता. आणि १४ ऑगस्ट २०२० ला लिस्बनमध्ये बायर्नने बार्सिलोनाला ८-२ ने धुतलं, त्यात शेवटचे दोन गोल बार्सिलोनाच्याच फिलिपे कुटिन्योचे. तो उशिरा बदली म्हणून आला होता.

कितीही खेळाडू लोनवर देता-घेता येतात का?

आता नाही. फिफाचे आंतरराष्ट्रीय लोनचे नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाले. लोनची कमाल मुदत एक वर्ष, लोनवर आलेला खेळाडू पुढे तिसऱ्या क्लबला लोनवर देता येत नाही, आणि कोणत्याही दोन क्लबांमध्ये एका मोसमात तीनच खेळाडू जाऊ व तीनच येऊ शकतात. एकूण मर्यादा आधी ८ होती, मग ७, आणि २०२४-२५ पासून सहा बाहेर, सहा आत. वयाच्या २१ वर्षांपर्यंतचे आणि क्लबनेच घडवलेले खेळाडू यातून वगळले आहेत. देशांतर्गत लोनचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे.

एकाच मालकाचे अनेक क्लब असतील तर हे नियम पोकळ होत नाहीत का?

बऱ्याच अंशी होतात. मँचेस्टर सिटीसह अनेक क्लब ज्याच्या हातात आहेत त्या सिटी फुटबॉल ग्रुपचा साविन्यो पाहा. ब्राझीलमधून त्याला घेतलं ते याच समूहातल्या फ्रान्सच्या त्र्वाने. त्र्वासाठी तो एकही अधिकृत सामना खेळला नाही. आधी हॉलंडच्या पीएसव्हीला लोनवर, मग २०२३-२४ मध्ये याच समूहातल्या स्पेनच्या जिरोनाला लोनवर, जिथे तो इतका खेळला की संघ लीगमध्ये तिसरा आला, आणि २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीत. त्र्वाचे समर्थक मात्र त्याच काळात आपला संघ खालच्या श्रेणीत घसरताना पाहत होते. मुंबई सिटी एफसी २०१९ ते २०२५ याच समूहात असल्याने मुंबईकर समर्थकांनी हे प्रकरण जरूर वाचून ठेवावं.

भारतात लोनचा काय उपयोग झाला?

आयएसएलची पहिली वर्षं लोनवरच उभी होती. २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा ती जेमतेम दोन-अडीच महिन्यांची. बाकीचं वर्ष आय-लीग या तेव्हाच्या मुख्य राष्ट्रीय लीगचं. आय-लीगचे क्लब आपले खेळाडू तेवढ्यापुरते आयएसएलला देत.

सुनील छेत्रीला मुंबई सिटीने २०१५ च्या लिलावात १.२० कोटी रुपयांना घेतलं. पुढच्या वर्षी तो बेंगळुरूकडून लोनवर आला, पण उशिरा. नोव्हेंबर २०१६ मध्ये बेंगळुरूला दोह्यात एएफसी कप या आशियाई क्लब स्पर्धेचा अंतिम सामना होता, तो झाल्यावरच मुंबईला त्यांचा सगळ्यात मोठा भारतीय खेळाडू मिळाला. मुंबई तरीही गुणतक्त्यात पहिली आली. उसन्या खेळाडूचा पहिला मान घरचा, हे तेव्हा आपल्याला आयतं पाहायला मिळालं. आता दोन क्लबांतलं साधं लोन अधिक दिसतं. मुंबईचाच अमेय रानवडे मुंबई सिटीकडून २०२३-२४ मध्ये ओडिशा एफसीला असाच गेला.

लोनवर असताना जखमी झाला तर?

करारात जे लिहिलं असेल ते. साधारणपणे मुदत संपेपर्यंत पगाराचा ठरलेला वाटा सुरूच राहतो. म्हणून वैद्यकीय तपासणी घाईत उरकू नये. आर्सेनलने जानेवारी २०१४ च्या शेवटच्या दिवशी स्पार्टाक मॉस्कोकडून किम शेल्स्त्रोमला आणलं, तपासणीत पाठीचं हाड दुखावलेलं निघालं, पण दुसरा कुणी शोधायला वेळच नव्हता. सही झाली आणि पुढचे बरेच आठवडे तो बाहेर बसला. एफए कपच्या उपांत्य फेरीत त्याने शूटआउटमधली पेनल्टी मारली, हीच काय ती कमाई.

विंडो बंद असताना गोलकीपर लोनवर येतो, तो कसा?

तातडीच्या लोनवर. सगळे गोलकीपर जायबंदी किंवा निलंबित असतील तर इंग्लंडमध्ये सात-सात दिवसांसाठी परवानगी मिळते. इतर जागांवरच्या खेळाडूंना ही सवलत नाही.

आमच्या क्लबने जानेवारीत मोठ्या नावाचा फॉरवर्ड लोनवर आणला आहे. आनंद मानू?

त्याला नेमकं काय काम दिलं आहे, ते आधी पाहा. चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये जुआंव फेलिक्सला सहा महिन्यांसाठी आणलं, लोन फी सुमारे १.१ कोटी युरो. फुलहॅमविरुद्ध पहिल्याच सामन्यात झकास खेळला, तासाभराच्या आत लाल कार्ड, तीन सामन्यांची बंदी. मोसमाअखेर चेल्सी बारावा. संघाला सातत्याने गोल करणारा हवा होता आणि आणला होता चेंडूशी खेळणारा. थिएरी आंरी २०१२ च्या जानेवारीत आर्सेनलमध्ये दोन महिन्यांसाठी आला तेव्हा वय ३४, आणि काम एकच: बाकावरून उठून शेवटची वीस मिनिटं. लीड्सविरुद्ध आला आणि गोल केला. संडरलंडविरुद्ध भरपाईच्या वेळेत विजयी गोल केला आणि अमेरिकेला परत गेला. तुमच्या फॉरवर्डच्या करारात किती सामने, किती मिनिटं आणि कोणती किंमत लिहिली आहे, हे बाहेर आलं की पहिल्या चार सामन्यांची संघनिवड त्याच्याशी ताडून पाहा.